बुरशीने तंतू खाल्ले की प्लास्टिक? केळीतंतू-पीएलए कंपोझिटच्या विघटनाची चाचणी

केळीच्या खोडाचे तंतू घालून केलेली पॉलिलॅक्टिक आम्लाची, म्हणजे पीएलए या प्लास्टिकची, शीट (अशा तंतू-प्लास्टिकच्या मिश्र पदार्थाला कंपोझिट म्हणतात) ओलसर ठेवून तिच्यावर बुरशीचे बीजाणू टाकले की थोड्याच दिवसांत ती काळी-हिरवी दिसू लागते. फोटो झकास येतो आणि ‘जैवविघटन झालं’ असं लिहून मोकळं व्हावंसं वाटतं. पण ३० अंश तापमानाला बुरशीने बहुतेक वेळा शीटमधला तंतू खाल्लेला असतो. पीएलए जवळपास होतं तसंच राहिलेलं असतं. म्हणून चाचणीची मांडणी पहिल्या दिवसापासून अशी हवी, की तंतूचं नुकसान आणि पीएलएचं नुकसान शेवटी वेगवेगळं मोजता यावं. खालची पद्धत त्यासाठी आहे. सूक्ष्मजीवशास्त्राची बरी प्रयोगशाळा, ०.१ मिलिग्रॅमपर्यंत मोजणारा तराजू आणि क्लोरोफॉर्मसाठी फ्यूम हूड एवढं असेल तर ती कॉलेजातही जमते.

पीएलए एवढं हट्टी का, ते आधी समजून घ्या. त्याच्या साखळ्या एस्टर बंधांनी जोडलेल्या असतात आणि हे बंध पाण्याने तुटतात. मात्र ५५ ते ६० अंशांच्या खाली साखळ्या गोठल्यासारख्या असतात, पाणी फार हळू आत शिरतं. औद्योगिक कंपोस्टिंगची चाचणी ५८ अंशांना घेतात ती याचमुळे. आधी पाणी साखळ्या तोडतं. रेणुभार दहा-वीस हजारांच्या आसपास घसरला की छोटे तुकडे विरघळून बाहेर येतात आणि मग सूक्ष्मजीवांना ते खाता येतात. थेट पीएलए कापणारी विकरं (एन्झाइम) थोड्याच बुरश्यांकडे आहेत. पॅरेंजिओडोंटियम आल्बम (जुन्या पुस्तकांत ट्रिटिरॅकियम आल्बम) या बुरशीचं प्रोटिनेज-के हे त्यातलं सगळ्यात प्रसिद्ध. पण ते एल-लॅक्टाइडच्या अस्फटिक भागावरच नीट चालतं. थर्मोप्लास्टिक स्टार्च, पीएचबी किंवा पीसीएल ही दुसरी विघटनशील प्लास्टिकं वापरत असाल तर चित्र पुष्कळ वेगळं असतं. त्या साखळ्या कापणाऱ्या बुरश्या मुबलक आहेत.

तंतूचं उलट आहे. केळीच्या तंतूत साधारण ६० ते ६५ टक्के सेल्युलोज असतं आणि लिग्निन (तंतूला कडकपणा देणारा, सहज न कुजणारा घटक) कमी. घायपातीत लिग्निन थोडं जास्त, तर काथ्यात ४० टक्क्यांच्या वर. काथ्याची शीट आणि केळीची शीट यांची तुलना करताना पॉलिमर तोच असला तरी वेग वेगळा येणार, आणि त्याचं श्रेय किंवा दोष पॉलिमरला देता येणार नाही. शिवाय प्रत्येक तंतू दिव्याच्या वातीसारखं काम करतो: कापलेल्या कडेतून पाणी शोषतो, फुगतो, वाळताना आकसतो, आणि तंतू व पीएलए यांच्यामध्ये फट पडते. बुरशीचे धागे त्याच फटीतून आत जातात.

शीट बनवताना

केळीचे तंतू ५ ते १० मिमी लांबीचे कापा. वजनाच्या वीसपट ५ टक्के कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात खोलीच्या तापमानाला २ तास भिजवा, नंतर साध्या पाण्याने चार-पाच वेळा, मग १ टक्का ॲसेटिक आम्लाने, पुन्हा पाण्याने धुवा. धुतलेल्या पाण्याचा पीएच ७ च्या जवळ येईपर्यंत थांबू नका. तंतूत राहिलेला सोडा वितळलेल्या पीएलएच्या साखळ्या तिथल्या तिथे तोडतो. मग शीट मुळातच कमकुवत होते, लवकर चुरते, आणि ते श्रेय बुरशीला मिळतं. या प्रक्रियेने हेमिसेल्युलोज आणि थोडं लिग्निन निघून जातं, चिकटण सुधारते, आणि सहसा विघटन मंदावतं. म्हणून प्रक्रिया केलेले आणि न केलेले असे दोन्ही तंतू तपासायचे असतील तर ते दोन स्वतंत्र गट धरा, एकमेकांचे ‘नमुने’ नव्हेत.

धुतलेले तंतू ८० अंशांना २४ तास वाळवा. पीएलएचे दाणे ८० अंशांना निदान ४ तास; ओलावा ०.०२५ टक्क्याच्या खाली हवा. ओले दाणे वितळवले की पुन्हा तेच: साखळ्या तुटतात. ७० भाग पीएलए, ३० भाग तंतू मिसळून १८० अंशांना ३ ते ५ मिनिटं दाबा, जाडी १ मिमी. १९० च्या वर जाऊ नका; तंतू तपकिरी होऊ लागला की हेमिसेल्युलोज जळायला लागलं समजा. दाब न सोडता ५० अंशांखाली थंड करा आणि थंड करण्याचा वेग प्रत्येक शीटला सारखा ठेवा, कारण सावकाश थंड झालेल्या पीएलएमध्ये स्फटिकं जास्त होतात आणि ती सगळ्यात शेवटी विघटित होतात. वंगण म्हणून स्टिअरेट वगैरे घालण्याची सवय असेल तर ती इथे सोडा. बुरशी ते आनंदाने खाते.

२५ × २५ मिमीचे तुकडे कापा. एक तुकडा साधारण पाऊण ग्रॅमचा भरतो. कडा उघड्या ठेवायच्या की बंद करायच्या, हे सुरुवातीलाच ठरवा. वापरातल्या वस्तूसारखी स्थिती हवी असेल तर क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवलेल्या त्याच पीएलएचा पातळ लेप कडांना द्या. मेण लावू नका, मेणावर वाढणाऱ्या बुरश्याही आहेत.

निर्जंतुकीकरणासाठी तुकडे ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेत, टाकणं ही इथली सगळ्यात महाग चूक. १२१ अंशांच्या वाफेत पीएलए मऊ होतं, वेडंवाकडं होतं आणि साखळ्या तुटतात. ७० टक्के अल्कोहोलमध्ये एक मिनिट बुडवून, बायोसेफ्टी कॅबिनेटमध्ये निर्जंतुक जाळीवर सुकवा. स्टार्च आणि ग्लिसरॉलची शीट असेल तर अल्कोहोलमध्ये ग्लिसरॉल निघून जातं. तिथे दोन्ही बाजूंनी १५ मिनिटं अतिनील दिवा पुरे.

सुरुवातीचं वजन ५० अंशांच्या व्हॅक्यूम ओव्हनमध्ये वाळवून, सलग दोन वजनांत १ मिलिग्रॅमपेक्षा कमी फरक येईपर्यंत घ्या. १०५ अंशांना वाळवण्याची नेहमीची रीत इथे चालत नाही. त्या तापमानाला पीएलए मऊ पडून स्फटिकं वाढतात.

कोणते गट ठेवायचे

पाच गट लागतात: बुरशीसह कंपोझिट, बुरशीविना कंपोझिट, बुरशीसह नुसतं पीएलए, बुरशीसह नुसते तंतू, आणि बुरशी जिवंत आहे याची खात्री म्हणून गाळणकागद. पहिल्या चार गटांचे प्रत्येक वेळेला पाच तुकडे, आणि वेळा पाच (१५, ३०, ६०, ९०, १८० दिवस) धरल्या तर १०० नमुने होतात. शून्य दिवसाचे वेगळे. एकदा काढलेला तुकडा परत ठेवायचा नाही.

यातला बुरशीविना गट लोक हमखास गाळतात. तो नसेल तर पाण्याने धुऊन गेलेलं वजन आणि बुरशीने घटवलेलं वजन वेगळं काढायला मार्गच राहत नाही. नुसत्या तंतूंचा गटही तितकाच महत्त्वाचा, पण त्याचा अर्थ जपून लावा. मोकळा तंतू पीएलएत गाडलेल्या तंतूपेक्षा लवकर खाल्ला जातो. म्हणून तो आकडा कंपोझिटमधल्या तंतूच्या विघटनाची वरची मर्यादा दाखवतो, प्रत्यक्ष विघटन नव्हे.

बुरशी आणि माध्यम

कल्चर बाजारातल्या कुजक्या ब्रेडवरून उचलू नका. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचा एनसीआयएम संग्रह आहे, आघारकर संशोधन संस्थेत राष्ट्रीय बुरशी कल्चर संग्रह आहे, आणि चंडीगडला एमटीसीसी हा सूक्ष्मजीवांचा संग्रह. क्रमांकासह मागवा आणि तो क्रमांक अहवालात लिहा.

एएसटीएम जी२१ या (प्लास्टिकवर बुरशी वाढते का ते तपासणाऱ्या अमेरिकन) मानकात पाच बुरश्या वापरतात: ॲस्परजिलस ब्रासिलिएन्सिस (आधी नायजर म्हणत), पेनिसिलियम, केटोमियम ग्लोबोसम, ट्रायकोडर्मा व्हिरेन्स आणि ऑरिओबेसिडियम पुल्युलन्स. तंतूवर हल्ला करण्यात केटोमियम आणि ट्रायकोडर्मा पटाईत. ट्रायकोडर्माच्याच कुळातली रीसी ही जात दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकन सैन्याच्या कुजलेल्या कॅनव्हासवर सापडली, आणि आज सेल्युलेज विकराचा उद्योग मुख्यतः तिच्यावर चालतो. वनस्पतीतंतू कुजवण्यात हे कुळ किती मुरलेलं आहे ते यावरून कळावं. लिग्निन जास्त असलेल्या काथ्यासाठी फॅनरोकीट क्रायसोस्पोरियम किंवा ट्रॅमेटीस व्हर्सिकलर ही पांढरी कुज आणणारी बुरशी घ्या. पहिलीला ३७ ते ३९ अंश मानवतात, दुसरीला २५.

क्षार-अगार माध्यम, एक लिटरसाठी:

पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट ०.७ ग्रॅम
डायपोटॅशियम हायड्रोजन फॉस्फेट ०.७ ग्रॅम
मॅग्नेशियम सल्फेट, सात पाण्याचं (हेप्टाहायड्रेट), ०.७ ग्रॅम
अमोनियम नायट्रेट १ ग्रॅम
सोडियम क्लोराइड ५ मिलिग्रॅम
फेरस सल्फेट आणि झिंक सल्फेट (दोन्ही सात पाण्याचे) प्रत्येकी २ मिलिग्रॅम
मँगनीज सल्फेट १ मिलिग्रॅम
अगार १५ ग्रॅम

ऑटोक्लेव्हनंतर पीएच ६ ते ६.५ हवा. यात साखर नाही, आणि ती कोणत्याही वाटेने येऊ द्यायची नाही. फॅनरोकीटसाठी मात्र अमोनियम नायट्रेट ०.१ ग्रॅमवर आणा. नायट्रोजन मुबलक असला की ही बुरशी लिग्निन तोडणारी विकरं बनवतच नाही, आणि ‘काथ्यावर बुरशी चालत नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

बीजाणूंचं द्रावण असं करा. बटाटा-डेक्स्ट्रोज अगारवर ७ ते १४ दिवस वाढवलेल्या कल्चरवर ०.०५ टक्के ट्वीन-८० घातलेलं १० मिली निर्जंतुक पाणी ओता, काचेच्या निर्जंतुक मण्यांसह हलवा, काचेच्या लोकरीतून गाळा. गाळलेलं द्रावण सेंट्रिफ्यूज करून निर्जंतुक पाण्याने तीनदा धुवा. हे धुणं टाळलं तर बटाट्याची साखर बीजाणूंबरोबर येते आणि पॉलिथिनवरसुद्धा ‘वाढ’ दिसते. शेवटी न्यूबॉअर चेंबरमध्ये (चौकोन आखलेली मोजणीची काचपट्टी) मोजा: १ मिमी × १ मिमीच्या मोठ्या चौकोनात सरासरी १०० बीजाणू म्हणजे प्रति मिली दहा लाख, आणि आपल्याला तेवढेच हवेत. पाचही बुरश्यांची द्रावणं समप्रमाणात मिसळा. फॅनरोकीट किंवा ट्रॅमेटीसचं द्रावण न करता वाढत्या कडेवरचा ५ मिमीचा अगारचा तुकडा थेट लावतात.

प्लेटवरची चाचणी: फक्त पहिली चाळणी

अगारवर तुकडा ठेवा, पूर्ण पृष्ठभाग ओला होईल इतकं द्रावण फवारा, २८ ते ३० अंशांना २८ दिवस ठेवा. आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर हवी. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात साध्या इनक्युबेटरमधली प्लेट चटकन वाळते. खालच्या कप्प्यात पोटॅशियम सल्फेटचं संपृक्त द्रावण ठेवलं तर आर्द्रता ९७ टक्क्यांच्या आसपास राहते. झाकणावरून थेंब पडत असतील तर तेही वाईट, बीजाणू वाहून एका कोपऱ्यात जमतात.

गुण असे: वाढ नाही ०, दहा टक्क्यांपेक्षा कमी भागावर १, १० ते ३० टक्के २, ३० ते ६० टक्के ३, त्याहून जास्त ४. चौदाव्या दिवशी गाळणकागदावर भरपूर वाढ नसेल तर बीजाणू मेलेले आहेत, चाचणी पुन्हा लावा.

केळीतंतूच्या शीटला इथे ३ किंवा ४ मिळाले तर त्यातून एवढंच सिद्ध होतं की पृष्ठभागावर बुरशीला काहीतरी खाद्य मिळालं. नुसत्या पीएलएला त्याच दिवशी ० किंवा १ मिळेल. हे दोन आकडे शेजारी-शेजारी छापले नाहीत तर प्लेटचा फोटो दिशाभूल करतो.

कर्ब वायू मोजणं

पदार्थ खरोखर पचला का हे कार्बन डायऑक्साइड सांगतो. दोन लिटरच्या घट्ट झाकणाच्या बरणीत २०० ग्रॅम जाडसर नदीची वाळू घ्या. आधी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने आणि मग पाण्याने धुऊन, वाळवून, ऑटोक्लेव्ह केलेली. समुद्राची वाळू नको, तिच्यात शिंपल्यांचा चुना असतो. ३० मिली क्षारद्रावण (वरचंच, अगारविना), १ मिली बीजाणू आणि १ ग्रॅम नमुना, २ मिमीच्या आत बारीक केलेला. दळताना पीएलए तापून चिकटतं, म्हणून द्रव नायट्रोजन किंवा निदान बर्फात गार केलेलं भांडं वापरा. बरणीत २० मिली ०.५ नॉर्मल पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा छोटा बीकर आणि ५० मिली पाण्याचा दुसरा बीकर ठेवा. नमुना नसलेल्या पण बुरशी असलेल्या निदान तीन कोऱ्या बरण्या हव्यात.

पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या चकत्या साधारण ८५ टक्केच शुद्ध असतात, बाकी पाणी. त्यामुळे लिटरला २८ नव्हे, ३३ ग्रॅम लागतात, आणि तरीही द्रावणाची नॉर्मॅलिटी मोजूनच वापरा. पाणी उकळून गार केलेलं.

पहिले दोन-तीन आठवडे दर तीन-चार दिवसांनी, नंतर आठवड्याला एकदा बीकर काढून ०.२५ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लाने फिनॉफ्थॅलीनचा गुलाबी रंग जाईपर्यंत टायट्रेट करा. तेवढा वेळ, पंधरा मिनिटं, बरणी कॅबिनेटमध्ये उघडी राहू द्या. ऑक्सिजन आत जायला हवा.

आता हिशेब, आणि इथे दुप्पट-निमपट चूक फार होते. बेरियम क्लोराइड न घालता फिनॉफ्थॅलीनवर टायट्रेशन केलं तर कार्बोनेट अर्ध्यावर, बायकार्बोनेटपर्यंत, उतरतं. म्हणून कोऱ्या बरणीच्या आणि नमुन्याच्या आम्लातला फरक मिलिमोलमध्ये काढून त्याला ४४ ने गुणायचं. आधी बेरियम क्लोराइड घालून कार्बोनेट साक्यात बसवलं असेल तर २२ ने. एका पद्धतीचं टायट्रेशन आणि दुसऱ्या पद्धतीचं सूत्र असं झालं की पदार्थ एकतर चमत्कारी ठरतो किंवा निरुपयोगी. उदाहरणार्थ, कोऱ्याला ३८.६ मिली आणि नमुन्याला ३३.४ मिली आम्ल लागलं: फरक ५.२ मिली, म्हणजे १.३ मिलिमोल, म्हणजे ५७.२ मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साइड (बेरियम न घालता).

बीकर भरून गेला का, तेही त्याच आकड्यावरून कळतं. २० मिली द्रावण जास्तीत जास्त २२० मिलिग्रॅम वायू कार्बोनेट म्हणून धरतं, तेव्हा वाचन ४० वरून २० मिलीला येतं. वाचन २५ च्या खाली गेलं की पुढच्या वेळी लवकर बदला. २० च्या जवळचं वाचन हिशेबात धरू नका.

किती वायू निघाला तर शंभर टक्के? पीएलएत कार्बन ५० टक्के, कोरड्या तंतूत ४५ टक्क्यांच्या आसपास (शक्य असेल तर मोजून घ्या). ७०:३० च्या एक ग्रॅम शीटमध्ये ३५० मिलिग्रॅम कार्बन पीएलएचा आणि १३५ तंतूचा, एकूण ४८५. त्याला ४४ ने गुणून १२ ने भागलं की १७७८ मिलिग्रॅम वायू ही कमाल. यातला तंतूचा वाटा ४९५ मिलिग्रॅम, म्हणजे जवळपास २८ टक्के. तेव्हा नव्वद दिवसांनी ‘२२ टक्के विघटन’ आलं तर ते सगळंच्या सगळं तंतूचं असू शकतं. २८ टक्क्यांच्या पलीकडे आलेख गेल्याशिवाय नुसत्या वायूच्या बळावर पीएलएबद्दल एक शब्दही लिहू नये.

क्लोरोफॉर्मने वेगळं करणं

२८ टक्क्यांच्या अलीकडे काय घडतंय ते पाहायला उरलेला तुकडा फोडावा लागतो. अगारवरून काढलेला तुकडा २ टक्के सोडियम डोडेसिल सल्फेटच्या द्रावणात ४ तास ठेवा, मऊ ब्रशने बुरशी काढा, ऊर्ध्वपातित पाण्याने धुवा, पूर्वीसारखाच ५० अंशांना वाळवून वजन घ्या. बुरशीविना गटालाही हीच धुलाई द्या. मग तुकडा ३० मिली क्लोरोफॉर्ममध्ये झाकून रात्रभर ढवळा. पीएलए विरघळतं, तंतू विरघळत नाहीत. आधी वजन केलेल्या काचतंतूच्या गाळणकागदातून गाळा, १० मिली क्लोरोफॉर्मने तीनदा धुवा. वर उरलेले तंतू वाळवून तोला. खालचं द्रावण उडवून पीएलए तोला. ही पद्धत आधी शून्य दिवसाच्या तुकड्यावर करून पाहा: दोन्ही वजनांची बेरीज मूळ वजनाच्या ९७ टक्क्यांच्या खाली येत असेल तर गाळणं किंवा वाळवणं कुठेतरी गळतंय. सगळं काम फ्यूम हूडमध्ये, आणि वापरलेला क्लोरोफॉर्म हॅलोजनयुक्त कचऱ्याच्या वेगळ्या बाटलीत, सिंकमध्ये नव्हे.

तंतूंच्या वजनात आत शिरलेली बुरशीही मोजली जाते. त्यामुळे तंतूचं नुकसान नेहमी थोडं कमी दिसतं. केल्डाल पद्धतीने नायट्रोजन काढता आला तर सुरुवातीच्या तंतूंपेक्षा वाढलेला नायट्रोजन बुरशीचा, असा ढोबळ अंदाज बांधता येतो.

पीएलएचं वजन कायम असूनही साखळ्या तुटत असतील. जीपीसी (रेणुभार मोजणारं यंत्र) नसेल तर उबेलोड व्हिस्कोमीटरवर २५ अंशांना, क्लोरोफॉर्ममध्ये, अंगभूत विष्यंदिता (इन्ट्रिन्सिक व्हिस्कॉसिटी) मोजा. डेसिलिटर प्रति ग्रॅममधल्या त्या आकड्याला ०.०००५४५ ने भागून, उत्तराचा १/०.७३ वा घात काढला की सरासरी रेणुभार येतो, २.४ म्हणजे सुमारे एक लाख. बुरशीसह आणि बुरशीविना, दोन्ही गटांत रेणुभार सारखाच उतरला असेल तर ते काम पाण्याचं आहे.

डीएससी (नमुना तापवताना शोषलेली उष्णता मोजणारी चाचणी) करत असाल तर वितळण्याची ऊर्जा (शंभर टक्के स्फटिक पीएलएला ९३ ज्यूल प्रति ग्रॅम) तुकड्याच्या नव्हे, त्यातल्या उरलेल्या पीएलएच्या वजनाने भागा. तंतू कमी झाल्याने तुकड्यात पीएलएचं प्रमाण वाढतं आणि स्फटिकता खोटीच वाढल्यासारखी वाटते. इन्फ्रारेड वर्णपटात १६५० आणि १५४० प्रति सेंटिमीटरच्या पट्ट्या दिसल्या तर ती बहुधा बुरशीची प्रथिनं, पीएलएचं नवं रसायन नव्हे. तुकडा नीट धुतलेला नाही एवढाच त्याचा अर्थ.

पीएलए खरंच खायला लावायचं असेल तर

दोन टप्पे करा. निर्जंतुक पाण्यात किंवा पीएच ७ च्या फॉस्फेट बफरमध्ये तुकडे ५८ अंशांना दोन ते चार आठवडे ठेवा, दर आठवड्याला एक काढून विष्यंदिता पाहा. रेणुभार वीस हजारांच्या खाली आला की तुकडे ३० अंशांना बुरशीसमोर आणा. साध्या पाण्यात लॅक्टिक आम्ल सुटून पीएच घसरतो. बुरशीला ते जिवाणूंपेक्षा बरं सोसतं, पण पीएच ४ च्या खाली गेला तर पाणी बदला आणि काढलेल्या पाण्यातलं लॅक्टिक आम्लही नोंदवा, ते वजन-घटीत येतं. सगळं एकाच टप्प्यात हवं असेल तर थर्मोमायसीस लॅन्युजिनोसस ही उष्णताप्रेमी बुरशी ५० अंशांना चालते. नेहमीच्या पाच बुरश्यांना ५८ अंशांना ठेवणं म्हणजे त्यांना शिजवणं.

मातीत पुरताना

मातीतली चाचणी जोड म्हणून चांगली. नायलॉनच्या १ मिमी जाळीच्या पिशवीत तुकडा, १० सेंटिमीटर खोल, ओलावा जलधारण क्षमतेच्या ५० ते ६० टक्के. दख्खनची काळी माती मात्र जशीच्या तशी वापरू नका. ती भिजली की चिकटते आणि वाळली की भेगाळते. तुकडा यांत्रिक ओढाताणीनेच फाटतो. तिसरा हिस्सा वाळू, थोडं चाळलेलं कंपोस्ट मिसळा. त्याहून मोठी अडचण चुनखडीची. काळ्या मातीत चुनखडीचे खडे असतात, आणि बुरशीने सोडलेलं ऑक्झॅलिक किंवा पीएलएतून सुटलेलं लॅक्टिक आम्ल त्यांच्यावर पडलं की कार्बन डायऑक्साइड निघतो. हा वायू नमुन्यातून आलेला नसतो, आणि कोऱ्या बरणीत ते आम्ल नसल्याने वजाबाकीतही तो जात नाही. मातीवर आम्लाचा थेंब टाकून फसफसते का ते आधी पाहा. फसफसली तर वायू मोजण्यासाठी ती बाद. कोकणातली जांभ्याची माती या बाबतीत सोयीची, फक्त ती आम्लधर्मी असते, पीएच नोंदवून ठेवा.

घोटाळे कुठे होतात

प्लेटवर चकचकीत, ओले ठिपके आले तर ते जिवाणू. माध्यमात लिटरला ५० मिलिग्रॅम क्लोरॅम्फेनिकॉल घाला, ते ऑटोक्लेव्हमध्येही टिकतं. एका प्लेटवरची बुरशी शेजारच्या प्लेटवर नागमोडी रेषेत उगवली तर माइट्स शिरले आहेत; ती अख्खी फळी बाद करून इनक्युबेटर अल्कोहोलने पुसा, पुढच्या प्लेटा पॅराफिल्मने बंद करा. बुरशीविना गटात वजन वाढलं तर तुकडा पूर्ण वाळलेला नाही. पाच तुकड्यांत एकाचा आकडा फार वेगळा आला तर तो गाळण्याआधी त्याची कड पाहा. बहुतेक वेळा तिथे तंतूंचा गुच्छ उघडा पडलेला सापडतो, म्हणजे दोष मिसळणीचा आहे.

बीजाणूंचं काम क्लास-दोन बायोसेफ्टी कॅबिनेटमध्ये करा. आडवा लॅमिनार फ्लो बीजाणू थेट काम करणाऱ्याच्या तोंडावर फेकतो. दमा असलेल्यांनी किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी या बरण्या उघडू नयेत, आणि ॲस्परजिलस फ्युमिगेटस किंवा फ्लेव्हस विद्यार्थ्यांच्या हाती देऊ नये. चाचणी संपली की बरण्या, वाळू, प्लेटा १२१ अंशांना ३० मिनिटं ऑटोक्लेव्ह करूनच टाका. क्लोरोफॉर्म लागलेलं काहीही ऑटोक्लेव्हमध्ये घालू नका.

अहवालात प्रत्येक वेळेसाठी हे आकडे एका ओळीत द्या: एकूण वजन-घट, तंतूची घट, पीएलएची घट, पीएलएचा रेणुभार, आणि तेच चारही बुरशीविना गटाचे. तापमान, कल्चर क्रमांक, तंतूचं प्रमाण आणि कडा बंद होत्या की उघड्या, हे शीर्षकाखालीच. ‘कंपोस्टेबल’ हा शब्द या चाचणीवरून वापरता येत नाही. त्यासाठी भारतात आयएस/आयएसओ १७०८८ ची कसोटी लागते: १८० दिवसांत ९० टक्के कार्बनचं वायूत रूपांतर, १२ आठवड्यांनी २ मिमीच्या चाळणीवर दहा टक्क्यांपेक्षा जास्त न उरणं, जड धातूंची मर्यादा आणि रोपांवरची चाचणी, शिवाय केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र.